लिंकनची टोपी खरी कशावरून? राष्ट्रपुरुष, संग्रहालये आणि शाळकरी मुले

मराठी शाळेत शिकलेल्या अनेकांची अब्राहम लिंकनशी पहिली भेट भिंतीवर होते. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर चौकटीत लावलेले ते पत्र: मुलाला शाळेत घालताना लिंकनने हेडमास्तरांना लिहिलेले. निरोपसमारंभात ते वाचतात, शिक्षकदिनी फलकावर लिहितात. वसंत बापटांच्या मराठी रूपामुळे तर कित्येकांना ते तोंडपाठ आहे. पण लिंकनने ते लिहिल्याचा पुरावा नाही. त्याचे लेखन १९५३ ते १९५५ या काळात आठ खंडांत संपादित होऊन प्रसिद्ध झाले, त्यांत हे पत्र सापडत नाही. त्याच्या हस्ताक्षरातली प्रतही कुणी दाखवलेली नाही.

पत्रातले विचार चांगले आहेत, आणि ते कुणाचेही असले तरी चांगलेच राहतील. मला खटकते ती वेगळी गोष्ट. इतकी वर्षे इतक्या शाळांत ते वाचले गेले, पण ‘हे लिंकनचेच कशावरून?’ असे विचारण्याची सवय आपण मुलांना लावली नाही. थोर माणसाचे नाव आले की हात जोडायचे आणि पुढच्या धड्याकडे वळायचे, अशी आपली रीत. अमेरिकेत लिंकनच्या नावाने चालणारी जी चांगली संग्रहालये आहेत, ती नेमका हाच प्रश्न मुलांच्या हाती देतात. एकोणिसाव्या शतकातला एखादा राष्ट्रनेता प्रदर्शनात कसा मांडला जातो, त्यामागे कोणते निर्णय असतात आणि शाळेची सहल तिथे नेमके काय करते, हे समजून घ्यायला लिंकनचे उदाहरण फार सोयीचे आहे. त्याच्या वस्तू भरपूर, कागद भरपूर आणि वादही भरपूर.

एका रात्रीच्या वस्तू

१४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनमधल्या फोर्ड्स थिएटरमध्ये जॉन विल्क्स बूथ या नटाने लिंकनवर गोळी झाडली. समोरच्या पीटरसन यांच्या घरात त्याला नेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिथेच वारला. त्या एका रात्रीच्या वस्तू आज कुठे कुठे आहेत ते बघा. डोक्यावरची उंच टोपी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात. ज्या झुलत्या खुर्चीत तो नाटक बघत होता ती मिशिगन राज्यातल्या डिअरबॉर्नला, हेन्री फोर्ड संग्रहालयात. ज्या पलंगावर प्राण गेला तो शिकागोच्या इतिहास संग्रहालयात. बूथचे छोटे पिस्तूल फोर्ड्स थिएटरच्याच तळघरातल्या संग्रहालयात. गोळी वैद्यकीय संग्रहालयात.

म्हणजे पीटरसन यांच्या घरात आपण जो पलंग पाहतो ती प्रतिकृती आहे. संग्रहालयाची पहिली गुंतागुंत इथेच कळते: खरी जागा एकीकडे, खरी वस्तू दुसरीकडे. फोर्ड्स थिएटरही आतून नव्याने बांधलेले आहे. हत्येनंतर सरकारने ती इमारत कचेरी म्हणून वापरली, १८९३ मध्ये आतले मजले कोसळून कर्मचारी दगावले, आणि पुष्कळ नंतर, १९६८ मध्ये, जुन्या रूपात ती पुन्हा उघडली. मुलांना हे सांगायचे की नाही? काहींना वाटते सांगितले की जादू जाते. माझा अनुभव उलट आहे. ‘हे खरे आहे आणि ते नंतर केलेले आहे’ असे स्पष्ट सांगितले की मुले खऱ्या वस्तूकडे जास्त वेळ बघतात.

वस्तूने आपली कुळकथा सांगायला हवी

जुनी वस्तू संग्रहालयात आली की तज्ज्ञ पहिल्यांदा विचारतात, ती कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेली. मूळ मालकापासून आजपर्यंतची अखंड साखळी कागदोपत्री दाखवता आली तर वस्तू भक्कम. मधली एखादी कडी निसटली, की तिथपासून पुढे सगळा विश्वासाचा मामला. लिंकनच्या दोन टोप्या शेजारी ठेवल्या तर हे कुणालाही कळेल.

स्मिथसोनियनमधली टोपी हत्येच्या रात्रीची. युद्धखात्याने ती जपली, मग पेटंट कचेरीत गेली आणि १८६७ मध्ये स्मिथसोनियनकडे आली. लोकांच्या भावना तेव्हा इतक्या तीव्र होत्या, की तिथले प्रमुख जोसेफ हेन्री यांनी तिच्याबद्दल बाहेर बोलायचे नाही अशी ताकीद दिली. १८९३ पर्यंत ती तळघरात पेटीबंद होती. टोपीभोवती काळी रेशमी पट्टी आहे. १८६२ मध्ये वारलेल्या आपल्या विली या मुलाच्या सुतकाची खूण म्हणून लिंकनने ती लावून घेतली होती. साखळीत कुठेही खंड नाही.

दुसरी टोपी स्प्रिंगफील्डच्या लिंकन संग्रहालयाची. इलिनॉय राज्यातल्या या संग्रहालयाला मदत करणाऱ्या प्रतिष्ठानाने २००७ मध्ये एक मोठा खासगी संग्रह विकत घेतला, त्यात ती होती. तिची किंमत तेव्हा ६५ लाख डॉलर ठरवली गेली होती. लिंकनने ती दक्षिण इलिनॉयमधल्या एका शेतकऱ्याला दिली, असे सांगितले जाई. पण त्या घराण्यातल्या एका बाईंनी १९५८ मध्ये दिलेल्या प्रतिज्ञापत्रात ही भेट यादवी युद्धाच्या (गुलामगिरी टिकवण्यासाठी देशातून फुटलेली दक्षिणेची राज्ये विरुद्ध उत्तरेतले लिंकनचे सरकार, १८६१ ते १८६५) काळात, वॉशिंग्टनमध्ये झाल्याचे म्हटले होते. पुढे संग्रहालयाच्या सांगण्यात प्रसंग बदलला आणि ती भेट १८५८ च्या जाहीर वादसभेच्या वेळची झाली. शंका वाढल्या. तज्ज्ञांना बोलावले, जनुकीय चाचणीही केली, त्यातून काही ठरले नाही. अखेर २०१९ मध्ये राज्याच्या इतिहासकाराच्या अहवालाने सांगितले, की ही टोपी लिंकनची असल्याचा पुरावा मिळत नाही. एवढ्या रकमेची वस्तू, आणि संस्थेच्याच बाजूच्या माणसाने असा निष्कर्ष लिहून द्यावा, याला धैर्य लागते. मला तो अहवाल त्या टोपीपेक्षा मोलाचा वाटतो.

केंटकीतली झोपडी आणखी बोलकी आहे. लिंकन १२ फेब्रुवारी १८०९ रोजी लाकडी ओंडक्यांच्या झोपडीत जन्मला. त्या जागी ग्रॅनाइटचे देवळासारखे स्मारक आहे, वर चढायला ५६ पायऱ्या आहेत, लिंकनच्या वयाच्या ५६ वर्षांसाठी. आत एक झोपडी आहे. ती विकत घेतली गेली, जत्रा-प्रदर्शनांतून फिरवली गेली, एका टप्प्यावर तर दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याची जन्मझोपडी म्हणून दाखवल्या जाणाऱ्या ओंडक्यांतही तिचे ओंडके मिसळले. स्मारकात बसावी म्हणून तिचा आकारही कमी केला. पुढे लाकडातल्या वार्षिक वलयांची तपासणी झाली, तेव्हा ते लाकूड लिंकनच्या जन्मानंतर काही दशकांनी तोडलेले निघाले. आज राष्ट्रीय उद्यान सेवा तिला ‘प्रतीकात्मक जन्मझोपडी’ म्हणते आणि भेट देणाऱ्यांना तसे सांगते. स्मारक मोडले नाही, झोपडी हलवली नाही, फक्त खरे ते सांगितले.

आणि आता घड्याळ. ही गोष्ट माझी विशेष आवडती, कारण तिच्यात माणसाची आठवण, कोरीव पुरावा आणि पुराव्यातली चूक असे तिन्ही आहे. जोनाथन डिलन नावाचा घड्याळजी एप्रिल १८६१ मध्ये वॉशिंग्टनच्या एका जवाहिऱ्याकडे लिंकनचे खिशातले घड्याळ दुरुस्त करत होता. दक्षिणेने फोर्ट सम्टर या सरकारी किल्ल्यावर तोफा डागल्याची, म्हणजे यादवी युद्ध सुरू झाल्याची, बातमी आली. त्याने घड्याळ उघडून आत गुपचूप काही शब्द कोरले आणि झाकण लावले. १९०६ मध्ये, म्हातारपणी, त्याने हा प्रसंग वर्तमानपत्राला सांगितला: आपण लिहिले होते, की गुलामगिरी संपली, देवाच्या कृपेने निदान प्रयत्न करणारा अध्यक्ष मिळाला आहे.

स्मिथसोनियनने १० मार्च २००९ रोजी ते घड्याळ उघडले. शब्द होते. डिलनचे नाव होते, १३ एप्रिल १८६१ ही तारीख होती, बंडखोरांनी फोर्ट सम्टरवर हल्ला केल्याचा उल्लेख होता आणि आपल्याला सरकार आहे याबद्दल देवाचे आभार होते. गुलामगिरीबद्दल एक अक्षर नव्हते. पंचेचाळीस वर्षांत म्हाताऱ्याच्या मनात तो संदेश पुढच्या इतिहासाच्या रंगात न्हाला होता. तो खोटे बोलत होता असे मला वाटत नाही. पण कोरलेला मजकूरही निर्दोष नाही. हल्ला १२ तारखेला सुरू झाला होता, डिलनने १३ लिहिली. सम्टरचे स्पेलिंगही चुकले. त्याच घड्याळात पुढे कुणीतरी ‘जेफ डेव्हिस’ असे शत्रूच्या अध्यक्षाचे नावही खरवडून ठेवले आहे. सातवी-आठवीच्या मुलांना इतिहासाचे साधन म्हणजे काय हे शिकवायला मला याहून चांगले उदाहरण माहीत नाही.

पुतळे आणि रिकाम्या खोल्या

वस्तू खऱ्या असल्या तरी त्या कायम मांडून ठेवता येत नाहीत. कागद, कापड, शाई यांचा मोठा शत्रू उजेड. म्हणून अशा दालनांत प्रकाश साधारण ५० लक्स ठेवतात, म्हणजे आपल्या वर्गातल्या उजेडापेक्षा कितीतरी मंद. शिवाय काही महिन्यांनी मूळ कागद आत ठेवून दुसरा बाहेर काढतात. १ जानेवारी १८६३ चा गुलाममुक्तीचा जाहीरनामा दोन्ही बाजूंनी लिहिलेला आणि फिकट झालेला असल्यामुळे राष्ट्रीय अभिलेखागार अनेक वर्षे तो वर्षातून मोजकेच दिवस दाखवत असे. लिंकनच्या हातचा अंतिम मसुदा तर उरलाच नाही. जखमी सैनिकांच्या मदतीसाठी भरलेल्या शिकागोच्या जत्रेत लिंकनने तो देणगी दिला, त्याचा लिलाव झाला, आणि १८७१ च्या शिकागोच्या आगीत तो जळाला.

मग ज्याची मूळ वस्तू दाखवता येत नाही, तो माणूस मांडायचा कसा? याची दोन टोकांची उत्तरे आहेत.

स्प्रिंगफील्डचे संग्रहालय एप्रिल २००५ मध्ये उघडले. तिथे माणसाच्या आकाराच्या हुबेहूब मूर्ती आहेत. झोपडीत शेकोटीच्या उजेडात वाचणारा पोरगा लिंकन आहे, लिलावात ताटातूट होणारे गुलाम कुटुंब आहे, लिंकनविरुद्धच्या विखारी व्यंगचित्रांनी भरलेली वाकडीतिकडी गल्ली आहे. यादवी युद्ध चार मिनिटांत दाखवणारा एक नकाशा आहे: एक सेकंद म्हणजे युद्धाचा एक आठवडा, दोन्ही सैन्यांची सीमा सरकत राहते आणि कोपऱ्यात बळींचा आकडा चढत जातो. लहान मुलांना जुन्या धाटणीचे कपडे घालून बघता येतील अशी वेगळी खोलीही आहे. उघडल्यापासून काही इतिहासकारांनी नाके मुरडली: हे तर मनोरंजन उद्यान झाले. मला ही टीका अर्धीच पटते. आकडा चढत जाणारा तो नकाशा इतिहासाची पाने वाचून येणार नाही अशी जाणीव मुलाला देतो. लिलावाच्या देखाव्याबद्दल मात्र मला काळजी वाटते. मेणासारख्या चेहऱ्यांवरचे दुःख पाहून मूल हळहळते, पण त्या माणसांना नावे नाहीत, त्यांचे स्वतःचे बोलणे नाही. ती लिंकनच्या गोष्टीची पार्श्वभूमी होऊन बसतात.

दुसरे टोक वॉशिंग्टनच्या उत्तरेला, सैनिकांच्या वृद्धाश्रमाच्या आवारात आहे. १८६२, १८६३ आणि १८६४ या वर्षांतले गरमीचे महिने लिंकनने तिथल्या बंगल्यात काढले आणि रोज घोड्यावरून कामाला ये-जा केली. मुक्तीच्या जाहीरनाम्यावर तो याच काळात विचार करत होता. २००८ मध्ये बंगला लोकांसाठी उघडला तेव्हा तिथल्या मंडळींनी धाडसी निर्णय घेतला: खोल्या जवळजवळ रिकाम्या ठेवायच्या. दोरीपलीकडचे पलंग, कपाटे, ‘हात लावू नये’च्या पाट्या यांचा पसारा नाही. छोटा गट, एक मार्गदर्शक, बसायला जागा, आणि गप्पा. एखाद्या रात्री इथे कोण आले, काय मागायला आले, लिंकन काय म्हणाला, तुम्ही काय म्हणाला असता. लहान वर्गांना हे कंटाळवाणे वाटेल. पण वय बारा-तेराच्या पुढे गेले, की निवाडा करायला लावणारी ही पद्धत फार खोल जाते असे मला वाटते.

न पटणारा लिंकन

राष्ट्रपुरुषाच्या प्रदर्शनात खरी कसोटी लागते ती त्याच्या न आवडणाऱ्या बाजूपाशी.

१८५८ मध्ये इलिनॉयमध्ये सिनेटच्या जागेसाठी लिंकन आणि स्टीफन डग्लस यांच्या सात जाहीर वादसभा झाल्या. १८ सप्टेंबरला चार्ल्सटन गावी लिंकनने सांगून टाकले, की गोऱ्या आणि काळ्या लोकांत सामाजिक वा राजकीय समता आणण्याच्या बाजूचा मी नाही. हे वाक्य त्याच्या तोंडचे आहे, छापील आहे. सात वर्षांनी, ११ एप्रिल १८६५ रोजी, अध्यक्षनिवासाच्या खिडकीतून बोलताना त्याने निदान काही काळ्या पुरुषांना, शिकलेल्यांना आणि सैन्यात लढलेल्यांना, मताधिकार मिळावा असे जाहीरपणे सुचवले. गर्दीत बूथ होता. तीन दिवसांनी त्याने गोळी झाडली.

दोन्ही भाषणे मुलांसमोर ठेवली की वर्गात खरा इतिहास सुरू होतो. पहिले भाषण कुणापुढे होते? मतदार कोण होते? मते मिळवायला बोलला की मनापासून? मधल्या सात वर्षांत काय घडले? लिंकन वंशद्वेष्टा होता का, या प्रश्नाचे हो-नाही उत्तर देऊन वर्ग संपवण्यापेक्षा माणूस कसा आणि कशामुळे बदलला हे शोधणे कठीण आणि कामाचे आहे.

मुक्तीचा जाहीरनामाही असाच नीट वाचावा लागतो. तो बंडखोर प्रदेशांतल्या गुलामांपुरता होता. उत्तरेशी निष्ठा राखलेल्या केंटकी, मिझुरी, मेरिलंड, डेलावेअर या गुलामगिरीच्या राज्यांना तो लागू नव्हता. संपूर्ण देशात गुलामगिरी बंद झाली ती डिसेंबर १८६५ मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने. पण त्या जाहीरनाम्याने काळ्या पुरुषांना सैन्याची दारे उघडली आणि पावणेदोन लाखांहून अधिक जण उत्तरेच्या फौजेत लढले. त्याआधीपासूनच हजारो गुलाम मळे सोडून उत्तरेच्या छावण्यांत पोचत होते आणि सरकारला निर्णय घ्यायला भाग पाडत होते. ‘लिंकनने गुलामांना मुक्त केले’ या पाठ्यपुस्तकी वाक्यात ही माणसे दिसत नाहीत. म्हणून नवी प्रदर्शने त्यांची नावे, पत्रे, छायाचित्रे पुढे आणू लागली आहेत.

जाहीरनाम्याच्या सहा दिवस आधी, २६ डिसेंबर १८६२ रोजी, मिनेसोटातल्या मॅन्केटोला डकोटा या मूळ अमेरिकी जमातीच्या ३८ पुरुषांना एकाच वेळी फाशी दिले गेले. गोऱ्या वसाहतींविरुद्धच्या उठावाबद्दल लष्करी न्यायासनाने ३०३ जणांना मृत्युदंड सुनावला होता. लिंकनने कागद तपासून बहुतेकांची फाशी टाळली आणि उरलेल्यांच्या यादीवर सही केली. त्याने शेकडो वाचवले असे म्हणावे की ३८ जणांना फासावर दिले असे म्हणावे? डकोटा घरातले मूल आणि गोऱ्या घरातले मूल एकाच वर्गात बसून हा प्रश्न ऐकते, तेव्हा शिक्षकाला फार जपून, पण न टाळता बोलावे लागते.

लिंकनबद्दल सर्वांत समतोल बोलणारा माणूस मला फ्रेडरिक डग्लस वाटतो. (वादसभांतला डग्लस वेगळा.) हा गुलामगिरीतून निसटून आलेला, पुढे अमेरिकेतला थोर वक्ता झालेला. १४ एप्रिल १८७६ रोजी वॉशिंग्टनमध्ये लिंकनच्या पुतळ्याचे अनावरण झाले. पुतळ्याचा खर्च मुक्त झालेल्या लोकांनी उचलला होता, पहिले पाच डॉलर शार्लट स्कॉट या पूर्वाश्रमीच्या गुलाम बाईंनी दिले होते. समोर अध्यक्ष ग्रँट बसलेले. अशा प्रसंगी डग्लसने सांगितले, की लिंकन मुळात गोऱ्यांचा अध्यक्ष होता. गुलामगिरीविरोधकांच्या नजरेने पाहिले तर तो संथ आणि थंड वाटे, पण देशाच्या तेव्हाच्या मनाशी ताडून पाहिले तर तो वेगवान आणि जहाल ठरतो. पुतळ्यात लिंकन उभा आहे आणि काळा माणूस त्याच्या पायाशी, गुडघ्यावर. डग्लसला हे रुचले नाही. ताठ उभ्या असलेल्या काळ्या माणसाचेही स्मारक व्हावे, असे त्याने काही दिवसांतच वर्तमानपत्राला लिहिले. त्या पुतळ्याची बॉस्टनमधली प्रतिकृती २०२० मध्ये हटवली गेली, वॉशिंग्टनमधला मूळ पुतळा अजून जागेवर आहे. त्याच वॉशिंग्टनमध्ये डग्लसचे घर संग्रहालय म्हणून जपले आहे आणि तिथे लिंकनची एक काठी आहे. हत्येनंतर लिंकनच्या पत्नीने ती डग्लसला पाठवली होती. टीका आणि माया एकाच माणसाच्या ठायी असू शकते हे मुलांना त्या काठीपाशी सांगता येते.

आपल्या महाराष्ट्राचा धागा इथेच जुळतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले, कारण त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थ त्याग केला; आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या सुटकेसाठी हा कित्ता गिरवावा अशी आशा व्यक्त केली. अर्पणपत्रिकेत लिंकनचे नाव नाही. पुण्यात बसून, युद्धाला आठ वर्षे झाली असताना, जोतीरावांनी श्रेय एका नेत्याला न देता लोकांना दिले. अमेरिकेतल्या संग्रहालयांना तिथे पोचायला शंभराहून अधिक वर्षे लागली. शालेय भेटीत मराठी मुलांना घेऊन जाणाऱ्या कुणीही ही गोष्ट सोबत न्यावी असे मला मनापासून वाटते.

मुले तिथे करतात काय

चांगला शालेय कार्यक्रम बसमधून उतरण्याआधी सुरू होतो. संग्रहालय शिक्षकांना एखादे पत्र किंवा छायाचित्र आधी पाठवते, वर्गात त्यावर बोलणे होते, आणि मुले एखादा न सुटलेला प्रश्न घेऊन येतात. प्रत्यक्ष भेटीत सगळी दालने पालथी घालण्यापेक्षा तीन-चार वस्तूंपाशी रेंगाळतात. लायब्ररी ऑफ काँग्रेस या वॉशिंग्टनमधल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने शिक्षकांसाठी केलेली पद्धत साधी आहे: आधी फक्त बघा आणि दिसते ते सांगा, मग त्याचा अर्थ लावा, मग काय जाणून घ्यायचे आहे ते विचारा. ‘बघा’च्या पायरीवर थांबवून धरणे सर्वांत अवघड. मुलांना लगेच उत्तर सांगायचे असते, आणि शिक्षकांनाही.

१९ नोव्हेंबर १८६३ रोजी गेटिसबर्गला, युद्धात पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमीच्या समारंभात, लिंकनने केलेल्या भाषणावर ही पद्धत छान चालते. जेमतेम दोन मिनिटांचे भाषण, लिंकनच्या हातच्या पाच प्रती उपलब्ध. पाचही तंतोतंत सारख्या नाहीत. पहिल्या दोन प्रतींत देवाचा उल्लेख नाही, नंतरच्या तिन्हींत आहे. तो बोलताना काय म्हणाला? मुलांना प्रती शेजारी ठेवून फरक शोधायला लावतात, त्या दिवशीच्या बातमीदारांची टिपणेही देतात. फोर्ड्स थिएटर वक्तृत्वाकडे वळते: मुले भाषण उभे राहून म्हणतात, कुठे थांबायचे, कशावर जोर द्यायचा हे स्वतः ठरवतात. आपल्याकडच्या वक्तृत्व स्पर्धांच्या मुलांना हे चटकन जमेल, फक्त भाषण दुसऱ्याने लिहून दिलेले नसावे. रिकाम्या खोल्यांचा तो बंगला आजच्या मानवी तस्करीविरुद्ध काम करू पाहणाऱ्या किशोरवयीन मुलांना एकत्र आणतो. लिंकनच्या घरातून आजच्या गुलामगिरीकडे थेट वाट काढणे मला योग्य वाटते.

लहान मुलांसाठी मी ग्रेस बेडेलचे पत्र निवडीन. न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टफील्ड गावच्या या अकरा वर्षांच्या मुलीने ऑक्टोबर १८६० मध्ये निवडणुकीला उभ्या असलेल्या लिंकनला लिहिले, की तुमचा चेहरा फार बारीक आहे, दाढी ठेवा, बायकांना आवडेल आणि त्या नवऱ्यांना तुम्हाला मत द्यायला लावतील. तुम्हाला मुली आहेत का, हेही विचारले. लिंकनने चारच दिवसांत उत्तर पाठवले: मला मुलगी नाही याचे वाईट वाटते, तीन मुलगे आहेत, सतरा, नऊ आणि सात वर्षांचे, आजवर कधी दाढी ठेवली नाही, आता ठेवली तर लोक हसतील ना? वचन दिले नाही. पण फेब्रुवारी १८६१ मध्ये अध्यक्षपद घ्यायला जाताना त्याची गाडी वेस्टफील्डला थांबली, तेव्हा दाढी होती, आणि गर्दीत त्याने त्या मुलीची चौकशी केली. ग्रेसचे पत्र आज डेट्रॉइटच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. एका मुलीला लिहिलेले लिंकनचे खरे पत्र असे आहे: छोटे, अवघडलेले, उपदेशाचा एक शब्द नसलेले.

अमेरिकेतल्या मराठी घरांतून पाहुणे आले की वॉशिंग्टनची फेरी होतेच. फोर्ड्स थिएटर आणि समोरचे घर एका सकाळी होते. मोठी मुले असतील तर बंगल्यासाठी वेगळी दुपार राखावी आणि आधी नोंदणी करावी. शिकागोकडच्या मंडळींना स्प्रिंगफील्ड मोटारीने तीन-साडेतीन तासांवर आहे. तिथे लिंकनचे राहते घर बघायला पैसे पडत नाहीत: त्याचा मुलगा रॉबर्ट याने १८८७ मध्ये ते राज्याला देताना प्रवेश कायम विनामूल्य ठेवण्याची अट घातली होती. आधी घर, मग संग्रहालय, असा क्रम ठेवला तर मूर्तींच्या झगमगाटात खरे जिने आणि खऱ्या खोल्या विसरल्या जात नाहीत.

महाराष्ट्रातल्या शिक्षकांना प्रवासाची गरज नाही. लिंकनचे हजारो कागद आणि त्याच्या अनेक वस्तूंची छायाचित्रे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. एका तासासाठी एकच गोष्ट निवडायची तर मी हत्येच्या रात्री त्याच्या खिशांत असलेल्या वस्तू निवडीन. घराण्याने त्या १९३७ मध्ये ग्रंथालयाला दिल्या, पेटी उघडून लोकांना दाखवली ती थेट १९७६ मध्ये. दोन चष्मे, भिंग पुसायचे साधन, चाकू, रुमाल, वर्तमानपत्रांची नऊ कात्रणे, आणि चामड्याच्या पाकिटात पाच डॉलरची एकच नोट, तीही शत्रूची, दक्षिणेच्या सरकारची. नाव न सांगता ही छायाचित्रे फळ्यावर लावावीत आणि हा माणूस कोण असेल ते मुलांना ओळखू द्यावे. मग नोटेकडे यावे. ४ एप्रिल १८६५ ला लिंकन दक्षिणेच्या पडलेल्या राजधानीत, रिचमंडला, जाऊन आला होता, तिथून ती आली असावी असा तर्क आहे. मुलांना आणखी दोन-तीन शक्यता मांडू द्याव्यात, आणि प्रत्येकीसमोर ती खरी ठरायला कोणता कागद, कोणाची साक्ष लागेल हे त्यांच्याकडूनच लिहून घ्यावे.